रंकाळ्यावर पळायला स्वस्तातले बेअरफूट बूट: काय बघून घ्यायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दीड वर्ष आठवड्यातून चार दिवस कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी पाच किलोमीटर पळता, पायात जाड फोमचे बूट आहेत आणि पळून आल्यावर उजवा गुडघा पुढच्या बाजूने ठणकतो. मित्र म्हणाला, बेअरफूट बूट (अनवाणी पळल्यासारखं वाटावं म्हणून केलेले पातळ, सपाट तळाचे बूट) घाल, गुडघा दुखायचा थांबेल. परदेशी कंपन्यांचे जोड आठ-दहा हजारांच्या घरात आणि तुमच्या खिशात अडीच हजार. तर ऑनलाइन दिसणारे बाराशे-पंधराशेचे अनोळखी कंपन्यांचे जोड घ्यावेत का, शाळेतले कॅनव्हासचे पीटी शूज चालतील का, आणि कोल्हापुरी पायताणही सपाटच असतं, मग त्यावरच का पळू नये?

पैशांचं उत्तर सोपं आहे. अडीच हजार पुरेसे आहेत, दीड हजारही पुरतील. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये पैसे जातात ते फोम, टाचेची बांधणी आणि कमानीचा आधार यांवर. बेअरफूट बुटात हे काहीच नसतं. उरतं ते पातळ रबर, वरचं कापड आणि बूट ज्या साच्यावर ओढला तो साचा. महागड्या कंपन्यांचा साचा चांगला असतो आणि रबर टिकाऊ असतं, हे खरं. पण या दोन्ही गोष्टी हातात घेऊन तपासता येतात, त्यासाठी कंपनीचं नाव लागत नाही.

खरा प्रश्न दुसराच आहे. तुमचा चवडा त्या बुटात मोकळा बसतो का, आणि तुमची पोटरी त्या बुटासाठी तयार आहे का? पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं, दुसऱ्याला पाच-सहा महिने लागतात. स्वस्त बूट घेऊन पस्तावलेले बहुतेक लोक बुटामुळे पस्तावत नाहीत, घाईमुळे पस्तावतात.

आधी गुडघ्याचं बघू, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. जाड टाचेच्या बुटात बरेचजण पाय लांब पुढे टाकून टाचेवर उतरतात. बूट पातळ झाला की टाच आपटलेली लगेच कळते, म्हणून पाऊल आपोआप आखूड पडतं आणि चवड्यावर किंवा सपाट उतरतं. डॅनियल लिबरमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हेच मोजून दाखवलं: अनवाणी पळायची सवय असलेले लोक चवड्यावर उतरतात तेव्हा जमिनीचा सुरुवातीचा तीव्र धक्का जवळजवळ दिसत नाही. पण भार गायब होत नाही, जागा बदलतो. गुडघ्यावरचा कमी होतो, तो पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि पावलातली लांब हाडं उचलतात. म्हणजे गुडघेदुखी लांब पाऊल टाकण्यामुळे असेल तर फरक पडू शकतो. मांडी-खुब्याचे स्नायू कमजोर असतील किंवा एकदम अंतर वाढवल्यामुळे दुखत असेल, तर बूट बदलून गुडघा तसाच राहील आणि वर पोटरी दुखायला लागेल.

हे बूट सगळं बरं करतात असं कुणी सांगत असेल तर जपून ऐका. पाच बोटांचे (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले) बेअरफूट बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर ‘इजा टळतात, पाय बळकट होतात’ या दाव्यांना पुरावा नाही म्हणून अमेरिकेत २०१२ मध्ये खटला भरला गेला. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचं उदाहरण सगळे देतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. पण १९६४ ला टोकियोत त्यानेच बूट घालून २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा सोनं मिळवलं, हे सहसा कुणी सांगत नाही. पातळ बूट हे एक साधन आहे आणि नीट वापरलं तर फार चांगलं साधन आहे. माझं मत या बुटांच्या बाजूने आहे, म्हणूनच त्यांच्याकडून भलती अपेक्षा ठेवून कुणी दुखापत करून घेऊ नये असं मनापासून वाटतं.

आता माप. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. संध्याकाळी माप घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यात पळणार तो घाला. कागद जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप पळताना उपयोगाचं नाही, कारण वजन पडल्यावर पाऊल पसरतं. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कुणाला तरी बाह्यरेषा काढायला सांगा. तुम्ही स्वतः वाकलात की वजन पुढे जातं आणि माप चुकतं. भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. अनेकांचं अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असतं, ते धरा. रुंदी दोन ठिकाणी घ्या: चवड्याच्या हाडांवर आणि बोटांच्या टोकांजवळ. दोन्ही पाय मोजा आणि मोठा तो धरा.

समजा लांबी २६२ मिलिमीटर आली. पळण्यासाठी बुटाच्या आतली लांबी त्याहून ८ ते १० मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे २७० ते २७२. ऑनलाइन तक्त्यात हमखास फसगत होते ती इथेच. काही तक्ते पावलाची लांबी देतात, काही आतल्या तळाची. पावलाची लांबी दिली असेल तर कंपनीने ती जागा आधीच धरलेली असते, तुम्ही पुन्हा दहा मिलिमीटर मिळवलेत की बूट होडीसारखा होतो. वर्णनात काय लिहिलंय ते नीट वाचा, आणि लिहिलंच नसेल तर विक्रेत्याला विचारा. नंबरावर तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराला साधारण ८.५ मिलिमीटरचा फरक असतो, युरोपच्या नंबरात ६.७ चा. त्यामुळे आठ म्हणजे बेचाळीस हे जुळवणं दर कंपनीगणिक बदलतं.

रुंदीची परीक्षा कागदानेच होते. काढलेली बाह्यरेषा कात्रीने कापा, ते कागदी पाऊल बुटात सरकवा आणि टाचेला टेकवा. करंगळीच्या किंवा अंगठ्याच्या बाजूला कागद वर दुमडला तर बूट अरुंद आहे, विषय संपला. एक नंबर मोठा घेऊन हे सुटत नाही. लांबी वाढते, पण बोटांजवळचा निमुळता आकार तसाच राहतो आणि वर टाच आत खेळायला लागते. सुखतळा निघत असेल तर आणखी सोपं: तो जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पायाची बोटं बाहेर सांडत असतील तर तो जोड परत करा. नेहमीच्या बुटाच्या सुखतळ्यावर असंच उभं राहून बघा, करंगळी किती बाहेर येते ते बघून चकित व्हाल.

मग तळ. बाहेरून बघून जाडी कळत नाही, कारण कडेचं रबर मुद्दाम वर चढवलेलं असतं. टाचेची जाडी अशी मोजा: बूट टेबलावर ठेवा, मागच्या काठाची उंची टेबलापासून मोजा, मग पट्टी आत घालून सुखतळ्यापासून त्याच काठापर्यंत मोजा. वजाबाकी म्हणजे टाचेखालची जाडी. चवड्याखाली अंगठा आत आणि तर्जनी बाहेर अशी चिमट दाबून अंदाज घ्या. दोन्हीकडे जाडी सारखी असेल तर तो झिरो ड्रॉप. पुष्कळ स्वस्त जोडांत ‘झिरो ड्रॉप’ लिहिलेलं असतं, रबर सपाटही असतं, पण आतला सुखतळा पुढे तीन आणि मागे सात-आठ मिलिमीटरचा निघतो. तो काढून टाका, की बूट खरोखर सपाट होतो. मात्र सुखतळ्याखालची शिलाई तळव्याला टोचत नाही ना, हे हात फिरवून बघा. टोचत असेल तर दोन मिलिमीटरचा सपाट फोम कापून घाला.

जाडी किती हवी, हे तुमच्या रस्त्यावर आहे. नवख्या माणसाला सुखतळ्यासकट ६ ते ९ मिलिमीटर योग्य. तीन-चार मिलिमीटरच्या तळातून डांबरातली प्रत्येक खडी बोलते आणि आपल्या उपनगरांतल्या रस्त्यांवर खडी सुटलेली असतेच. बारा-पंधराच्या पुढे गेलात तर जमीन कळेनाशी होते, मग पातळ बूट घेण्यात अर्थ उरत नाही. तळाला रबर आहे की नुसता ईव्हीए फोम, तेही बघा. नख दाबा: फोमवर नखाची खूण राहते, रबरावर राहत नाही. फोमचा तळ हलका आणि गुबगुबीत वाटतो, पण चवड्याखाली लवकर दबतो, झिजतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. जून ते सप्टेंबर रंकाळ्याच्या काठी शेवाळ धरतं, तिथे हा तळ धोक्याचा आहे.

बाकी तपासण्या झटपट होतात. बूट पुढून गुंडाळा, सहज वळला पाहिजे, आणि ओला कपडा पिळतो तसा पिळूनही बघा. सपाट टेबलावर ठेवल्यावर पुढचं टोक वर उचललेलं दिसलं तर बोटं कायम वर धरली जातील, असा नको. टाचेला कडक वाटी नको. करंगळीच्या सांध्यावर जाड शिलाई नको, फोड तिथेच येतात आणि कापडही पहिल्यांदा तिथेच फाटतं. एका बुटाचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असावं, किराणा दुकानातल्या काट्यावर टाकून बघा. पळण्यासाठी नाडी हवीच. पाण्यात घालायचे नाडी नसलेले मोजेवजा बूट बेअरफूट म्हणून विकतात, ते चालायला ठीक. पळताना उतारावर पाय आत सरकतो आणि नखं काळी पडतात.

तुम्ही विचारलेल्या पर्यायांवर माझं मत. कॅनव्हासचे पीटी शूज तीनशे-पाचशेत मिळतात आणि टाच-चवड्यात फारसा फरक नसतो, पण पुढे निमुळते असतात आणि कडेच्या रबरी पट्टीमुळे वळत नाहीत. पाय अरुंद असेल तर सुरुवातीला चालून बघायला घ्या, रुंद असेल तर नकोच. मॅटवरच्या कुस्तीचे बूट आपल्याकडे घराघरांत सापडतात. तळ पातळ असतो, पण तो गादीसाठी बनवलेला असतो. डांबरावर लवकर झिजतो आणि घोट्यापर्यंतच्या बांधणीत पाय तापतो. कबड्डीचे बूट त्याहून बरे, गम रबराचा तळ छान पकडतो. फक्त रुंदीची कागदी परीक्षा आधी करा, कारण बरेच जोड अरुंद येतात. अनोळखी कंपन्यांचे रुंद पुढच्या भागाचे ऑनलाइन जोड हा तुमच्यासाठी सर्वांत योग्य पर्याय आहे, अट एकच: परत करायची सोय हवी. आल्यावर घरातल्या फरशीवरच घालून बघा, रस्त्यावर नेलात की परत घेणार नाहीत.

कोल्हापुरीबद्दल. ती सपाट आहे, बोटं मोकळी राहतात, चालण्यासाठी उत्तम. पळण्यासाठी नाही. मागे पट्टा नसल्याने टाच सुटते, म्हणून प्रत्येक पावलाला अंगठा आवळून पायताण धरून ठेवावं लागतं. पाच किलोमीटर असं धरून पळाल तर तळव्याची शीर आणि अंगठ्याचा सांधा दुखणार. शिवाय कातडी तळ गुळगुळीत, पाणी लागलं की फुगतो आणि घसरतो.

पण कोल्हापूरचा एक मोठा फायदा आहे, तो सोडू नका. पायताण करणारे हात इथे गल्लीत आहेत. सुभाषनगर परिसरातल्या किंवा ओळखीच्या कारागिराकडून पळण्याची सँडल करून घेता येते, आणि साच्याचा प्रश्नच मिटतो, कारण ती तुमच्याच बाह्यरेषेवर कापली जाते. ५ किंवा ६ मिलिमीटरची भरीव रबर शीट घ्या, फेसासारखी दबणारी नको आणि जुन्या रेडियल टायरची तर नकोच, त्यात तारा असतात. बाह्यरेषेच्या बाहेर सगळीकडून पाच-सहा मिलिमीटर सोडून कापायला सांगा. भोकं तीन: एक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, दोन घोट्याच्या हाडांच्या किंचित पुढे, दोन्ही कडांना. बेचक्यातलं भोक बोटांच्या मुळाशी अगदी चिकटून पाडलं तर दोरी कातडीत रुतते, फार पुढे गेलं तर पाऊल पुढे सरकतं आणि बोटं कडेवर आपटतात. उभं राहून पेनाने खूण करा, मगच पंच मारू द्या. कडेची भोकं काठापासून किमान आठ-दहा मिलिमीटर आत हवीत, नाहीतर महिन्याभरात रबर फाटून दोरी बाहेर येते. त्यासाठी तिथे रबराला छोटे कान, म्हणजे बाहेर आलेले तुकडे, ठेवावे लागतात.

दोरी नायलॉनची, चार-पाच मिलिमीटरची, एका पायाला साधारण १.८ मीटर. टोकं काडीने जाळून घ्या. बेचक्यातल्या दोरीची गाठ तळाखाली येते आणि रस्त्यावर घासून तीच आधी तुटते. म्हणून खालून भोकाभोवती थोडं रबर कोरून गाठ आत बसेल असं करायला सांगा, आणि गाठ वितळवून चपटी करा. दोरी बोटांमधून वर, बाहेरच्या कानातून, टाचेमागून, आतल्या कानातून पुन्हा पुढे अशी बांधतात. टाचेमागचा वेढा घट्ट आणि बोटांमधला सैल ठेवा. उलट केलंत तर बेचक्यात फोड येणार. पावसात पाय आणि रबर यांच्यात पाणी साठून पाऊल सरकतं, त्यामुळे ही सँडल कोरड्या दिवसांतली समजा.

आता पोटरीचं. २०१३ च्या एका अभ्यासात अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांवर आणलं, तरी त्यातल्या अर्ध्याहून अधिक जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयमध्ये सूज वाढलेली दिसली. हाड स्नायूपेक्षा सावकाश बदलतं, म्हणून दहा आठवडेही कमीच धरा.

सुरुवातीचे तीन आठवडे हे बूट फक्त चालायला, रोज अर्धा तास. घरात अनवाणी राहा. रोज एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा, टाच वर नेताना एक सेकंद आणि खाली आणताना तीन. प्रत्येक पायाने वेगवेगळे, न थांबता वीस-पंचवीस झाले की पळायला हरकत नाही. त्याआधी पळालात तर दमलेली पोटरी सोडून देते आणि सगळा भार टाचेच्या शिरेवर येतो. मग एक दिवस आड, पळण्याच्या सुरुवातीला पाय ताजे असताना पाचशे मीटर पातळ बुटात, नंतर जुने बूट घालून बाकीचं अंतर. जुने बूट गाडीच्या डिकीत ठेवा. दर आठवड्याला अडीचशे ते तीनशे मीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला वाढ नाही. पाच किलोमीटर पूर्ण पातळ बुटात व्हायला या हिशेबाने पाच-सहा महिने लागतील, आणि ते बरोबर आहे.

जागा कठीण आणि गुळगुळीत निवडा. विद्यापीठाच्या आवारातले रस्ते पहाटे छान असतात. गवत मऊ म्हणून बरं असं वाटतं, पण त्यात काच-खडा दिसत नाही आणि मऊ जमिनीवर टाच आपटायची सवय तशीच राहते. जोतिबा किंवा पन्हाळ्याचा उतार निदान सहा महिने पातळ बुटात नको, उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेकसारखं पडतं. मसाई पठारावरचा जांभा तर पाच मिलिमीटरच्या तळातून सहज बोचतो, आणि पावसाळ्यातल्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला हे गुळगुळीत तळाचे बूट घेऊनच जाऊ नका, चिखलात उभंही राहता येणार नाही.

चवड्यावर पळायचंच असं ठरवून टाच हवेत ठेवू नका, पोटरी आखडते. पाऊल आखूड आणि जलद ठेवा, टाच हलकेच जमिनीला टेकू द्या. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा, त्याला चारने गुणा, की मिनिटाची पावलं मिळतात. आत्ता १५६ असतील तर १६५ पर्यंत न्या. ही एवढी गोष्ट जुन्या बुटांतही करता येते, आणि तुमच्या गुडघ्यासाठी मी तर आजपासून हीच करायला सांगेन. बूट येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

पोटरी दोन दिवस भरून येणं चालेल. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, दाबल्यावर जास्त दुखत असेल किंवा सूज असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. ते हाडाला तडा जाण्याचं लक्षण असू शकतं आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतही नाही. सकाळी पहिल्या पावलाला टाच धरत असेल तर अंतर निम्म्यावर आणा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी, आधी पावलाला असा तडा गेलेल्यांनी किंवा अंगठ्याचा सांधा ताठ असलेल्यांनी हे बूट स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. नुसते सपाट तळवे असतील तर ती अडचण नाही.

स्वस्त जोडाचा चिकटवलेला तळ पुढून सुटणं ही नेहमीची तक्रार. सुटायला लागला की लगेच चांभाराकडे सोल्यूशन लावून पुढून दोरा घालून घ्या, पूर्ण उघडल्यावर धूळ बसते आणि नीट चिकटत नाही. उन्हात वाळवू नका, पंख्याखाली आत कागद कोंबून वाळवा. तळ चवड्याखाली झिजला तर तीन मिलिमीटरची रबर शीट पूर्ण लांबीला लावा. नुसत्या टाचेला लावलीत तर झिरो ड्रॉप गेला.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी कळल्या तर नेमकं सांगता येईल: चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि गुडघा जिना उतरताना जास्त दुखतो की पळून झाल्यावर बसल्यावर. चवडा १०२ च्या वर असेल तर कॅनव्हास आणि कबड्डीचे बूट विसरा, सरळ रुंद साच्याचा ऑनलाइन जोड मागवा किंवा शीट घेऊन कारागिराकडे जा.